‘फुकटच्या अपडेटचे पैसे उकळले’ या अभिप्रायाला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा, आणि खाली : ‘कंपनी अपडेट फुकट देते, या माणसाने त्याचे पैसे उकळले. वर बॅटरी आधीपेक्षा लवकर उतरते. कोणी जाऊ नका.’ मजुरी किती होईल हे काम हातात घेण्याआधी सांगितलं नाही, ही चूक माझी. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘उकळले’ हा शब्द काही घशाखाली उतरत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अपडेट फुकट असतं हे मीच रोज लोकांना सांगतो. वायफाय लावा, चार्जर लावून झोपा, सकाळी झालेलं असेल. एवढं सांगून कितीतरी जणांना काउंटरवरूनच परत पाठवतो, एक पैसा न घेता. ते कोणी इथे येऊन लिहीत नाही, असो.

तुम्ही अपडेट करून घ्यायला आला नव्हता, सर. घरी सुरू केलेलं आणि मधेच फसलेलं अपडेट घेऊन आला होता. फोन लोगोवर अडकलेला, पुढे जाईना की मागे येईना. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि शटर अर्धं खाली होतं. बॅकअप आहे का विचारलं, तर म्हणालात, ‘ते मुलीला माहीत, पण फोटो जाता कामा नयेत.’ त्या एका वाक्याने काम तिप्पट झालं. सगळं पुसून नवीन सॉफ्टवेअर टाकणं सोपं असतं, बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात होतं. आतलं काही न पुसता तेच करायचं तर नशिबावर असतं. पूर्ण फाइल कॉम्प्युटरवर उतरवायची, ती काही जीबींची. डाउनलोडला पंधरा मिनिटांहून जास्त लागली की तुमचा फोन रिकव्हरी मोडमधून, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून दुरुस्त करायच्या अवस्थेतून, आपोआप बाहेर पडतो, म्हणजे पुन्हा बटणं दाबून पहिल्यापासून. दोनदा फसलं. तिसऱ्या खेपेला फोन उठला तेव्हा पावणेबारा झाले होते. आत बघतो तर जेमतेम तीनशे एमबी जागा शिल्लक! मग अपडेट अडकणार नाही तर काय होणार? फोटो मात्र एकही गेला नाही, हे तुम्ही लिहायचं विसरलात.

मजुरी या सगळ्याची होती. पावतीवर आमच्या मुलाने नुसतं ‘अपडेट’ लिहिलं, तिथे घोळ झाला, हे मान्य. पण अडीच तास मी समोर बसून होतो, ते तुम्ही पाहिलंत.

आता तुमचा मूळ मुद्दा, अपडेटचे पैसे घेणं ही लूट. खुद्द अपडेटचे कोणी घेत असेल तर मीही तेच म्हणेन. मात्र एके काळी कंपन्याच घ्यायच्या. २००८ साली मी हे काम शिकत होतो, तेव्हा ॲपलने नवी आवृत्ती आयफोनवाल्यांना मोफत दिली आणि तीच आयपॉड टचवाल्यांना (आयफोनसारखंच यंत्र, फक्त त्यावरून फोन लागत नसे) ९.९५ डॉलरला विकली. पुढच्या वर्षीही तसंच. फरक होता तो हिशेबाच्या वहीत. आयफोनच्या विक्रीचे पैसे कंपनी दोन वर्षांत थोडेथोडे जमा धरायची, त्यामुळे मधल्या सुधारणा त्यात बसायच्या. आयपॉडची विक्री एकदम जमा व्हायची, मग नंतर फुकट नवं काही द्यायला हिशेबाचे नियम आड येतात, असं कंपनीचं म्हणणं. २००९ मध्ये अमेरिकेतले ते नियम बदलले आणि २०१० ची आवृत्ती आयपॉडवाल्यांनाही फुकट मिळाली. म्हणजे तुम्ही ज्याला फुकट म्हणता ते पैसे फोन घेतानाच कंपनीला दिलेले असतात. त्यातला छदामही माझ्याकडे येत नाही. आणि हे असंच असावं, असं माझं मत आहे. सुरक्षेच्या अपडेटला पैसे लावले तर निम्मे लोक ते टाकणारच नाहीत आणि फसवणुकीचे मेसेज त्यांच्या फोनवरून तुम्हा-आम्हाला येत राहतील. भांडायचंच तर कंपनीशी भांडा, की फोन घेताना मोजलेल्या पैशांत किती वर्षं अपडेट देणार? गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या महागड्या नव्या मॉडेलांना सात वर्षांचं वचन दिलं. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू आहे, त्यात मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं, तीही मोफत, अशी अट आहे. तुमचा फोन सहाव्या वर्षात आहे. यापुढे त्याला फार अपडेट येतील असं वाटत नाही, हे मी त्या रात्रीही बोललो होतो.

बॅटरीचं. मोठं अपडेट झालं की फोन दोन-तीन दिवस आतल्या आत फोटो लावतो, शोधायची यादी नव्याने बनवतो, त्यात चार्जिंग खातो आणि गरमही होतो. तुम्ही अभिप्राय दुसऱ्याच दिवशी दुपारी टाकलात. शिवाय तुमच्या बॅटरीची क्षमता ७८ टक्क्यांवर आली आहे, स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं होतं. ती मी काही रात्रीतून झिजवली नाही.

दरपत्रक लावायचं ठरवलं आहे, बोर्ड करायला टाकतो आहे. मजुरी आधी सांगायची, असं मुलांनाही बजावलं आहे. पावतीवर नीट लिहायचं तेही बघतो.

तारे वाढवा असं म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार. फक्त तो एक शब्द काढता आला तर बघा. हे दुकान लोकांच्या भरवशावर चालतं आणि नवीन माणूस आत येण्याआधी हेच वाचतो.

तुमची पांढरी केबल इथेच राहिली आहे. नाव लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, कधीही घेऊन जा. त्याच वेळी फोनमधली जागाही मोकळी करून देतो, त्याचे पैसे नाहीत.