घासाघीस आणि हुडहुडी

तुळशीबागेत चाळीस वर्षे घासाघीस केलेल्या घराण्याचा मी जावई असल्यामुळे, वस्तू हवी असूनही ती नकोच आहे असा चेहरा कसा करावा, याचे शिक्षण मला लग्नानंतर सक्तीने मिळाले आहे. या विद्येच्या भरवशावर मी गेल्या जुलैत भाच्याकडे नैरोबीला गेलो. स्वेटर मात्र नेला नाही, कारण आफ्रिका म्हणजे ऊन, एवढाच माझा भूगोल होता. नैरोबी विषुववृत्तापासून फार लांब नसली तरी सुमारे १,८०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्याही वर वसलेली आहे आणि जुलै हा तिथला ऐन गारठ्याचा महिना. शहराचे नाव मुळात 'थंड पाणी' या अर्थाच्या, मासाई जमातीच्या भाषेतल्या शब्दांवरून पडले आहे, ही माहिती भाच्याने मला विमानतळाबाहेर, माझे दात वाजू लागल्यानंतर पुरवली.

शनिवारी पहाटे त्याने मला शहराला खेटून असलेल्या राष्ट्रीय उद्यानात नेले. १९४६ साली स्थापन झालेल्या या ११७ चौरस किलोमीटरच्या रानाला तीन बाजूंनी कुंपण असून दक्षिणेची बाजू जनावरांच्या येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवली आहे. सिंह बहुधा त्याच बाजूने कुठेतरी गेले असावेत. झेब्रे मात्र मागे उंच इमारतींची रांग घेऊन निवांत चरत होते आणि एक जिराफ, भाच्याची शाल पांघरलेल्या माझ्याकडे, लग्नात आहेर न आणलेल्या पाहुण्याकडे बघावे तसा बराच वेळ बघत राहिला. परतताना न्यायो स्टेडियमजवळच्या बाभळींवर मराबू करकोचे दिसले. टक्कल पडलेले, मान खांद्यांत घातलेले ते पक्षी पेन्शनच्या रांगेत असल्यासारखे वाटतात. त्यांच्या खाली कोणी रेंगाळत नाही. का, ते रस्त्यावर पांढऱ्या रंगात स्पष्ट उमटलेले असते.

तिथून आम्ही मासाई मार्केटात गेलो. हा बाजार आपल्या आठवडी बाजारासारखा, पण दर वारी शहराच्या वेगळ्या भागात भरतो. भाच्याने शाल गाडीतच ठेवायला लावली, कारण शालीतल्या माणसाला भाव चढा लागतो म्हणे. सौभाग्यवतींनी घायपाताच्या धाग्याची विणलेली 'कियोंदो' पिशवी सांगितली होती. ती एका बाईंकडून मी रीतसर अर्ध्या किमतीत घेतली आणि तिथेच चढलो. पुढच्या दुकानात लाल चौकड्यांच्या मासाई शुका, म्हणजे अंगावर पांघरायची वस्त्रे, टांगल्या होत्या. मी चेहरा तुळशीबागी केला, एका शुकेकडे तुच्छतेने पाहिले आणि नेमका त्याच वेळी अंगावर शहारा आला. विक्रेत्याने तो पाहिला. त्याने वहीच्या कागदावर आकडा लिहून कागद माझ्याकडे सरकवला. मी त्याखाली त्याच्या चौथाईचा आकडा लिहिला, पण हात इतका थरथरत होता की त्यातले शून्यसुद्धा शेकोटी मागत असल्यासारखे दिसले. निघून जायचा ठेवणीतला डाव टाकावा, तर मागून भाचा ओरडला, "मामा, थांबा!" स्वाहिलीत मामा म्हणजे आई. पन्नाशी उलटलेल्या मिशाळ गृहस्थाला कोणी आई म्हणून हाक मारतो आहे, हे ऐकून आसपासची चार दुकाने हसली आणि हसणाऱ्या बाजारात भाव पाडता येत नाही.

शुका अंगावर घेतली. ऊब आल्यावर तरी शहाणपण यावे, तर मी शेजारच्या पाणघोड्यापाशी थांबलो. केनियातल्याच किसी भागातल्या तबाका इथल्या संगजिऱ्याचा तो होता. हा दगड साध्या सुरीनेही कापता येईल इतका मऊ असतो. मग तो पाण्यात भिजवून पॉलिश कागदाने घासतात. पाणघोड्याची पाठ लोण्यासारखी गुळगुळीत होती, पोटाखाली मात्र सुरीचे ओरखडे तसेच होते आणि बोटांना जी पांढरी पूड लागली ती थेट आजीच्या रांगोळीच्या डब्यातली वाटली. या भावनेचे मला अठराशे शिलिंग पडले. रोकड संपली होती, म्हणून भाच्याने मोबाइलवरून 'एम-पेसा'ने दिले. २००७ साली सुरू झालेल्या या सेवेतला पेसा म्हणजे आपला पैसाच, आणि जाताना तो आपल्यासारखाच आवाज न करता जातो.

दुपारी एका खानावळीत मक्याच्या पांढऱ्या पिठाचा उगाली, सोबत 'सुकुमा विकी' ही पालेभाजी आणि 'कचुंबरी' आली. सुकुमा विकीचा शब्दशः अर्थ 'आठवडा ढकला'. महिनाअखेरीस आमच्याकडे पिठले होते ते याच कारणासाठी, त्यामुळे पदार्थ ओळखीचा वाटला. उगालीचा गोळा करून, अंगठ्याने त्याला खळगी पाडून भाजी उचलायची, हे मला पहिल्या घासाला जमले. दिवसभरात जमलेली ती दुसरी गोष्ट.

पाणघोडा आता आमच्या दिवाणखान्यात आहे. आल्यागेल्याला सौभाग्यवती त्याची किंमत मी दिली त्याच्या निम्मीच सांगतात आणि मी गप्प राहतो. परवा शेजारच्या काकूंनी तो उचलून, उलटा करून, पोटाखालचे ओरखडे नीट निरखले आणि म्हणाल्या, "तरी जरा महागच पडला हो."