टायरचं नंतर बघू, आधी सुट्टीचं बोला

हिवाळ्यातला हिमवादळाचा पहिला मोठा इशारा आला की इथल्या, अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपवर तेच फॉरवर्ड सुरू होतात. कुठले स्नो टायर घ्यावेत, फोर व्हील ड्राइव्ह असली की कशी काळजीच नाही. अहो, त्याने गाडी निघते चांगली, पण थांबायला काडीची मदत होत नाही. ब्रेक काय, सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. टायर घ्या, जरूर घ्या. पण अनेक माणसं मरतात ती घराबाहेर पडल्यामुळे, आणि बाहेर पडायचं की नाही हे बऱ्याचदा त्यांच्या हातात नसतं.

२०२२च्या डिसेंबरातलं हिमवादळ आठवा, न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो. बर्फाला नवखं शहर नव्हे ते. महिनाभर आधीच शेजारच्या ऑर्चर्ड पार्क गावात सहा फुटांवर बर्फ पडला होता. हवामान खातं काही दिवस आधीपासून कानीकपाळी ओरडत होतं. तरी गाड्या चालवायला बंदी लागू झाली ती शुक्रवारी, २३ तारखेला सकाळी साडेनऊला. आणि जाहीर कधी झाली? त्याच्या तासभरही आधी नाही! सकाळच्या पाळीची माणसं तोवर कामावर पोचलीही होती. आता ती घरी परतणार कशी? बफेलो ज्या एरी काउंटीत (जिल्ह्यात) येतं, तिथे ४०हून जास्त जीव गेले. काही गाडीत, काही रस्त्यावर, काही घरातच, कारण अँब्युलन्सच अडकलेल्या. रस्त्यात सोडून दिलेल्या गाड्यांमुळे बर्फ हटवणाऱ्या प्लाऊंनाही पुढे सरकता येईना.

आपल्यातल्या मुंबईकरांना एक खास सांगणं. २६ जुलै २००५च्या पुराने आपल्याला शिकवलं, गाडीत बसून राहू नका, उतरा आणि चालू लागा. तेव्हा बंद काचांच्या गाड्यांत माणसं गुदमरून गेली होती, त्यामुळे ते डोक्यात पक्कं बसलंय. हिमवादळात नेमकं उलटं करायचं. समोरचा हात दिसत नसताना गाडी सोडून निघालेला माणूस शंभर पावलांवर वाट चुकतो. गाडीतच थांबा. मात्र इंजिन सुरू करण्याआधी दर वेळी मागच्या सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने काढा. तो बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला ना वास ना रंग. तासाला दहा मिनिटं हीटर पुरे, काच जराशी खाली. गाडीत घोंगडी, फावडं, पाणी, चार्जर ठेवा. (आणि हो, नुसत्या हुडीवर निघू नका, पोरांनो. गाडी गरम असते, रस्ता नसतो.)

पण मुद्दा पुन्हा तोच. व्हिसावर असलेला पोरगा बॉसला ‘उद्या येत नाही’ म्हणायला कचरतो. गोदामात, दुकानात, पेट्रोल पंपावर तासांवर काम करणाऱ्याचा तर दिवसाचा पगारच जातो. त्यांना ‘काळजी घे रे’ असा मेसेज पाठवून काय उपयोग? या ग्रुपवर मॅनेजर आहेत, दुकानांचे मालकही आहेत. वादळाचा इशारा असेल तर आदल्या संध्याकाळीच स्वतःहून कळवा: उद्या येऊ नका, पगार कापणार नाही. सकाळी आठला ‘बघून ठरवा’ म्हणू नका. तोवर माणूस हायवेवर असतो.