100 टक्के पिंपळ, 80 टक्के वड आणि बाकी थापा

तो मेसेज पुन्हा फिरतोय. आत्याने तीन ग्रुपवर टाकला तेव्हा गप्प बसले. पण परवा सोसायटीच्या मीटिंगला एका काकांनी त्याची प्रिंटच काढून आणली. मजकूर थोडक्यात असा: 68 वर्षांत सरकारने पिंपळ, वड, कडुनिंब लावणं बंद केलं. पिंपळ 100 टक्के कार्बन डायऑक्साइड शोषतो, वड 80, कडुनिंब 75. त्यांच्या जागी निलगिरी लावून जमिनी कोरड्या केल्या. दर 500 मीटरवर पिंपळ लावा, देश प्रदूषणमुक्त. शिवाय पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो.

100 टक्के कशाचे, हे कुणी विचारतच नाही. खोलीतल्या हवेचे, गल्लीतल्या की अख्ख्या जिल्ह्यातल्या? झाड किती कार्बन घेणार हे पानोळा, ऊन, पाणी, वय यांवर ठरतं. भरगच्च कडुनिंबापुढे पिंपळाचं हातभर रोप काय शोषणार! आणि आसपासचा सगळा कार्बन डायऑक्साइड खरंच संपवला, तर ते झाड स्वतःच उपाशी मरेल.

रात्रीचा ऑक्सिजन? तो तयार व्हायला उजेड लागतो. अंधारात पिंपळही आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड साठवतात, पण ऑक्सिजन त्याही दिवसाच सोडतात.

सरकारी बंदी म्हणाल, तर वड आपला राष्ट्रीय वृक्ष आहे. पुढे बोलायला नको.

निलगिरीचं मात्र थोडं मान्य करावं लागेल. सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली ती वाट्टेल तिथे लावली गेली, आणि ती पाणी ओढते. देशी झाडांची हेळसांडही झालीच.

पण त्यावरून काकांनी काढलेला निष्कर्ष बघा: गेटजवळचा पर्जन्यवृक्ष परदेशी, तो तोडा आणि कंपाउंडला लागून पाच पिंपळ लावा. तेही ड्रेनेज चेंबरपासून तीन फुटांवर! अहो, बी विंगच्या गच्चीवर टाकीच्या पाइपामागे पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेला पिंपळ दरवर्षी उपटतो आपण. वरचा शेंडा हातात येतो, मूळ आत राहतं आणि प्लास्टर आणखी फुगतं. पिंपळाला मैदान हवं, नदीकाठ हवा, देवळाचा पार हवा. तिथे त्याच्या फळांवर हरियाल, तांबट, कोकीळ तुटून पडतात. तिथे खुशाल लावा, मी खड्डा खणायला येते.

आणि पर्जन्यवृक्ष तोडणं ठरावाने होत नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. परवानगीशिवाय तोडता येत नाही, मग झाड देशी असो की परदेशी. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावावी लागतात. आमचा वृक्ष चाळिशीचा धरला तरी चाळीस रोपं. लावणार कुठे, पार्किंगमध्ये?

500 मीटरचं गणितही करून बघा. चौकोन आखला तर 25 हेक्टरमागे एक पिंपळ. एवढ्याने देश प्रदूषणमुक्त!

झाडांचा एवढाच कळवळा असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली दिल्लीच्या प्रकरणात दिलेला आदेश वाचा: खोडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आमच्या पर्जन्यवृक्षाला पेव्हर ब्लॉक पार सालीपर्यंत भिडलेत. ते उचलायला एक गवंडी आणि अर्धा दिवस पुरेल. रविवारी मी पहार घेऊन खाली असेन, काकांनीही यावं.