पगार सरकारचा, म्हणून चित्रही सरकारचं?

युद्धोत्तर युरोपातल्या चित्रपुस्तकांवरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, पूर्वेकडच्या कम्युनिस्ट देशांतले चित्रकार सरकारी प्रकाशनांच्या पैशावर जगत होते, तेव्हा त्यांच्या कामात मोकळेपणा शोधणं भाबडेपणाचं आहे. दुसरा, पुस्तकातलं चित्र म्हणजे मजकुराची सजावट. तिला एवढं महत्त्व देणं हा रादुगा या सोव्हिएत प्रकाशनाच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीचा हळवेपणा. हळवेपणा कबूल. बाकीच्यावर भांडायचं आहे.

पैसा सरकारचाच होता. चेकोस्लोव्हाकियात फेब्रुवारी १९४८मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि १९४९मध्ये बालपुस्तकांची सरकारी प्रकाशनसंस्था निघाली. तीच पुढे अल्बाट्रोस झाली. ट्रॅक्टर, लाल रुमाल बांधलेली हसरी मुलं हेही त्या काळात भरपूर छापलं गेलं, आणि त्यातलं बरंचसं रद्दीत घालण्याच्या लायकीचं होतं. पण पहारा सगळीकडे सारखा कडक नव्हता. प्रदर्शनातल्या तैलचित्राला जाब विचारला जाई. परीकथेतल्या कोल्ह्याची शेपटी कुठल्या शैलीत काढलीय, याची कुणाला फारशी पडलेली नसे. पोरांची पुस्तकं किरकोळ मानली गेली, हेच चित्रकारांच्या पथ्यावर पडलं.

चेक चित्रकार यिर्झी त्रन्काचंच बघा. अँडरसनच्या परीकथांना त्याने चित्रं काढली, बाहुल्यांचे चित्रपट केले, सरकारने त्याला मानाने मिरवलं. १९६५मध्ये त्याच माणसाने 'रुका', म्हणजे 'हात', हा बाहुलीपट केला. आपल्या गुलाबासाठी कुंड्या घडवणारा एक साधा कारागीर. त्याच्या खोलीत एक प्रचंड हात शिरतो आणि म्हणतो, माझा पुतळा घडव. शेवटी कारागीर मरतो आणि तोच हात त्याची शाही अंत्ययात्रा काढतो. त्रन्का १९६९च्या डिसेंबरात गेला. त्यालाही सरकारी इतमामात निरोप दिला गेला आणि मग त्याच्या या चित्रपटावर बंदी घातली. पगारी चित्रकार एवढा आज्ञाधारक असता, तर बंदी कशाला लागली असती?

तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार मीच देतो: सोव्हिएत चित्रकार इल्या काबाकोव्ह. मॉस्कोत त्याने कित्येक वर्षं बालपुस्तकं सजवली, आणि ते काम पोटासाठी होतं, असंच तो सांगत असे. मॉस्कोतलेच चित्रकार एरिक बुलातोव्ह आणि ओलेग वासिल्येव्ह यांचाही हाच शिरस्ता: वर्षातले काही महिने पुस्तकं, उरलेले स्वतःच्या चित्रांचे. आता काबाकोव्हने सत्तरच्या दशकात केलेले अल्बम बघा. सुटी पानं, चित्र, शेजारी मजकूर, एकेक पान उलटत पुढे सरकणारी गोष्ट. पुस्तकात मुरलेला हात तिथे लपत नाही. चित्रकाराने आपल्या नोकरीला काय म्हटलं आणि त्या नोकरीने त्याला काय शिकवलं, या दोन गोष्टी वेगळ्या.

आणि सरकारी पैसा हाच निकष असेल, तर तो पश्चिमेलाही लावा. येल्ला लेपमान ही ज्यू पत्रकार नाझींमुळे जर्मनीतून परागंदा झाली होती. १९४५मध्ये ती परतली ती अमेरिकन सैन्याची सल्लागार म्हणून. तिने देशोदेशी पत्रं लिहून मुलांची पुस्तकं मागवली. बेल्जियमने आधी नकार कळवला; जर्मनांनी त्यांच्यावर दोनदा आक्रमण केलं होतं. लेपमानने पुन्हा लिहिलं, मग त्यांनीही पुस्तकं पाठवली. १९४६मध्ये म्युनिकच्या हाउस डेर कुन्स्टमध्ये प्रदर्शन भरलं. हिटलरने 'जर्मन कले'साठी बांधून घेतलेली हीच ती इमारत. या खटाटोपातूनच १९४९मध्ये आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं. यालाही अमेरिकी प्रचार म्हणा, हरकत नाही, थोडा होताच.

पण तिने मुद्दाम चित्रांची पुस्तकं मागितली होती, कारण परकी भाषा जर्मन मुलांना वाचता येणार नव्हत्या. त्या दालनात उभ्या असलेल्या पोरांना मजकूर कळत नव्हता. मग तिथे सजावट कशाची चालली होती, हे तुम्हीच सांगा.