आजारी पिल्लाला हळदीचं दूध नको, ब्रँडी नको. आधी ऊब द्या

नागपुरात घरी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: पिल्लानं मान टाकली की चमच्यानं हळदीचं कोमट दूध पाजा, चोचीत ब्रँडीचे दोन थेंब सोडा, टेट्रासायक्लिनची अर्धी कॅप्सूल पाण्यात कालवा, उन्हात ठेवा आणि लगेच बाकीच्या पिल्लांत सोडा. रात्रीतून पिल्लू टुणटुणीत होतं. डॉक्टरकडे नेऊ नका, ते पिल्लं बघत नाहीत.

मुलांच्या हट्टापायी आठवडी बाजारातून चार पिल्लं आणणारं घर यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं, आणि सकाळी पिल्लू गेलेलं दिसलं की नशिबाला बोल लावतं. या मेसेजनं मरतील त्यातली कित्येक पिल्लं वाचू शकतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

दुधापासून सुरुवात करू. पक्षी पिल्लांना दूध पाजत नाहीत आणि दुधातली साखर पचवण्याची सोय त्यांच्या पोटात नसते. हगवण लागलेल्या पिल्लाला दूध म्हणजे आणखी हगवण. त्याहून मोठा धोका चमच्याचा. पिल्लाची चोच हलकेच उघडून बघा: जिभेच्या मागेच एक बारीक फट दिसते, श्वासागणिक उघडमीट करणारी. ती श्वासनलिका. ग्लानीत असलेल्या पिल्लाच्या तोंडात काहीही ओतलं की ते तिथून फुप्फुसात उतरू शकतं. पाणी द्यायचं तर बोट बुडवून चोचीच्या कडेला एक थेंब टेकवायचा आणि ते स्वतः गिळेपर्यंत थांबायचं. गिळत नसेल तर त्या वेळी काहीच द्यायचं नाही.

ब्रँडीनं अंगात गरमी येते, हा समज माणसांतही आहे. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, वरवर ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते. ३५-४० ग्रॅमच्या जिवाचं आणखी काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता मेसेजमध्ये जे नाहीच, आणि सगळ्यात आधी हवं, ते: ऊब. पहिल्या काही दिवसांत पिल्लाला स्वतःचं तापमान राखता येत नाही. खुडूक कोंबडी पंखाखाली घेते ती त्यासाठीच. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवती ३२ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं, पुढं दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं. पिल्लाचे पाय मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. गार लागले तर खाणं, औषध सगळं बाजूला ठेवा, कारण गारठलेल्या पिल्लाची पचनक्रिया मंदावलेली असते आणि भरवलेलं तसंच पोटात साचून राहतं. आधी ऊब, मग पाणी, मग दाणा, आणि औषध कशावर द्यायचं ते कळल्यावर. मेसेजनं हा क्रम पार उलटा केला आहे.

पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एकाच टोकाला जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब सोडा, खोक्याला आणि कापडाला टेकणार नाही असा पक्का बांधून. एलईडी चालत नाही, तो उजेड देतो, ऊब जवळजवळ नाहीच. दुसरं टोक गार राहू द्या. बरं वाटायला लागलेलं पिल्लू आपली जागा आपण शोधतं: बल्बखाली अंग चोरून चिवचिवत असेल तर थंडी वाजतेय, चोच वासून पंख पसरून लांब बसलं असेल तर फार तापतंय. खाली वर्तमानपत्र नको, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात; खरबरीत कापड घाला.

उन्हाचा सल्ला तर नागपुरात बसून कोणी कसा देऊ शकतं, हेच मला कळत नाही. मे अखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या पुढं जातो, पिल्लाला घाम येत नाही, उघड्या अंगणात ते थोड्या वेळात संपतं. आणि घरात आणलं तरी कूलरच्या थेट झोतात ठेवू नका; त्या ओल्या वाऱ्यानं ते मे महिन्यातही गारठतं. हिवाळ्यात दुपारचं ऊन सुखाचं असेल, पण प्रश्न रात्रीचा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये इथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता.

टेट्रासायक्लिनबद्दल थोडं सविस्तर. कॅप्सूल २५० मिलिग्रॅमची धरली तर अर्ध्यात १२५. साठ किलोच्या माणसासाठी बनवलेलं औषध चाळीस ग्रॅमच्या पिल्लासाठी अंदाजानं वाटीत कालवायचं, यात मोजमाप उरतंच कुठं? पाण्यातून दिलेलं औषध सर्वांत आजारी पिल्लू सर्वांत कमी पितं, कारण ते पाण्याकडे जातच नाही. शिवाय दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला बांधून ठेवतं, म्हणजे मेसेजचा पहिला उपाय तिसऱ्याची ताकद कमी करतो. आणि मुळात आजार कोणता? मान वाकडी, हिरवी हगवण, एकामागून एक मरतूक असेल तर राणीखेत म्हणजे मानमोडीची शंका घ्यावी. तो विषाणू आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, त्याची लस आधीच द्यावी लागते. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लाला रक्ती हगवण असेल तर बहुधा कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवी जंतूचा आजार. त्यावर अँप्रोलियम हे औषध देतात. ते जीवनसत्त्व ब१ ची नक्कल करून जंतूला उपाशी मारतं, म्हणून त्याच वेळी बी-कॉम्प्लेक्स पाजू नका.

आणि कित्येकदा आजार नसतोच. शेपटीखाली विष्ठा वाळून घट्ट खपली बसलेली असते, बाहेर पडायची वाटच बंद. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस तिथं धरून ठेवा, खपली मऊ होऊन आपसूक सुटते. ओढाल तर कातडी सोबत येईल. जागा कोरडी करून किंचित खोबरेल तेल लावा आणि पिल्लू पुन्हा बल्बखाली. नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या पोटाकडे जी बारीक वाळकी खपली दिसते ती बेंबी आहे, तिला हात लावायचा नाही.

बाकीच्या पिल्लांत लगेच सोडणं म्हणजे रोग वाटणं. शिवाय धडधाकट पिल्लं अशक्ताला टोचतात, विशेषतः रक्त दिसलं की. वेगळं ठेवा, मधे जाळी लावा म्हणजे सोबत्यांचा आवाज येत राहील. पिल्लाला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, मुलांना त्याचे मुके घेऊ देऊ नका. साल्मोनेला, म्हणजे माणसांत हगवण लावणारा जीवाणू, दिसायला निरोगी पिल्लाकडूनही येतो. आणि पक्षी पटापट मरत असतील तर हाताळणं थांबवून पशुसंवर्धन विभागाला कळवा. इथल्याच गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तेव्हा तपासणीत बर्ड फ्लूच निघाला होता.

राहिलं 'डॉक्टर पिल्लं बघत नाहीत'. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या गावात हे वाक्य फिरावं याचं मला वाईट वाटतं. जाताना पिल्लाचं वय, कुठून आणलं, कोणती लस झाली, काय खातंय हे सांगा आणि विष्ठेचा फोटो दाखवा. एखादं मेलंच तर पिशवीत बांधून, बर्फासोबत पण न गोठवता, त्याच दिवशी घेऊन जा. शवविच्छेदनातून कळतं ते उरलेल्या पिल्लांच्या कामी येतं.