कनेक्शन तोडायचा अर्ज देण्याआधी हे वाचा

गेले काही आठवडे पुण्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा : ‘गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवा, जोडीला एक बॅटरी घ्या आणि महावितरणचं कनेक्शन कायमचं तोडा. सगळा खर्च सरकार देतं. लाइट गेली तरी तुमचं घर चालू. पंचवीस वर्षं पॅनलकडे बघावंही लागत नाही.’

आमच्या गल्लीतल्या एका काकांनी हा मेसेज वाचून कनेक्शन बंद करण्याचा अर्ज लिहूनही ठेवला होता. काकूंना रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. आमच्या धायरीच्या घरावर तीन वर्षांपासून तीन किलोवॅटचे पॅनल आहेत आणि ते बसवल्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. पुण्यातल्या प्रत्येक मोकळ्या गच्चीवर ते दिसावेत असं मला मनापासून वाटतं. अशा मेसेजवर विश्वास ठेवून फसलेला माणूस मात्र पुढे दहा जणांना सोलरपासून लांब ठेवतो, म्हणून एकेक दावा तपासू.

‘सगळा खर्च सरकार देतं.’ देत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००, आणि त्याहून मोठी यंत्रणा बसवली तरी तेवढेच. तीन किलोवॅटला साधारण दीड ते दोन लाख लागतात, पॅनलखालचा लोखंडी सांगाडा उंच घेतला की आणखी वाढतात. पैसे आधी आपण भरायचे, यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाली की अनुदान बँकेत जमा होतं. बॅटरीला या योजनेत अनुदान नाही. आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षातच न आलेली गोष्ट अशी, की हे अनुदान ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, जोडलेल्या यंत्रणेलाच मिळतं. कनेक्शन तोडणारा त्याला पात्रच ठरत नाही.

बिलही शून्यावर येत नाही, स्थिर आकार राहतोच. तरीही फायदा मोठा आहे, कारण आपले दर टप्प्यांचे आहेत आणि सोलरमुळे सगळ्यात आधी वरच्या, महागड्या टप्प्यातले युनिट कमी होतात. ज्यांचं बिल दरमहा तीनशे युनिटच्या पुढे जातं त्यांचे पैसे लवकर वसूल होतात. शंभर युनिटच्या आत असणाऱ्यांनी घाई करू नये.

‘लाइट गेली तरी घर चालू.’ पॅनल बसल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी आमचा हा भ्रम फिटला. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात हे काही नवीन नाही. बारा वाजताचं रणरणतं ऊन, वर सहा पॅनल, आणि घरात पंखा बंद! बसवून देणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मला वाटलं यंत्रणा बिघडली. पण ती अगदी बरोबर वागत होती. सोलरचा इन्व्हर्टर म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, त्यात बॅटरी नसते. ग्रिडवरचा असा साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेल्याक्षणी स्वतःला बंद करून घेतो, आणि त्याने तसंच करायला हवं. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारांमध्ये शिरेल आणि लाइन बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. लाइट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, ग्रिड आणि बॅटरी तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी घ्यावी लागते. तेव्हाही सगळं घर चालत नाही. पाच युनिटच्या लिथियम बॅटरीतून साडेचारेक युनिट हाती लागतात. पंखे, दिवे, फ्रिज आणि वायफाय यांना त्यावर रात्र काढता येते, पण दोन किलोवॅटचा गिझर तीच बॅटरी दोन-सव्वादोन तासांत संपवतो.

‘पंचवीस वर्षं बघावं लागत नाही.’ पंचवीस वर्षांची हमी असते ती पॅनलच्या उत्पादनाची, तीही दरवर्षी थोडी घट धरून. इन्व्हर्टर त्याच्या निम्मी वर्षं चालला तरी पुष्कळ. आजूबाजूला बांधकामं चालू असतील तर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पॅनल धुवावे लागतात, सकाळी लवकर, काच तापायच्या आत. बोअरच्या पाण्याने पांढरे डाग पडतात.

आता मुख्य मुद्दा, ‘कनेक्शन तोडा’. महिन्याला तीनशे, म्हणजे दिवसाला दहा युनिट लागणारं घर घ्या. एप्रिलमधल्या स्वच्छ दिवशी तीन किलोवॅटचे पॅनल चौदा-पंधरा युनिट देतात. आषाढात झड लागली की आमच्याकडे हाच आकडा चारवर येतो. म्हणजे रोज सहा युनिटची तूट. चार दिवस सूर्य दिसला नाही तर चोवीस युनिट कमी पडतात, आणि तेवढं भरून काढायला पाच युनिटच्या पाच-सहा बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या हव्यात. आठवडाभर झड राहिली तर नऊ-दहा. उरलेलं वर्षभर त्यांतल्या बहुतेक रिकामटेकड्या बसून म्हाताऱ्या होणार. शिवाय उन्हाळ्यात बॅटरी दुपारीच भरली की वरची वीज वायाच जाते, कारण ती घ्यायला कुणी नसतं.

नेट मीटर, म्हणजे ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, असेल तर ती वाया जात नाही. जादा युनिट आपल्या नावावर जमा होतात आणि पुढच्या बिलांत वळते होतात. हा हिशेब ३१ मार्चला बंद होतो आणि तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटना फार कमी भाव मिळतो. पण वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्यामुळे एप्रिल-मेची शिल्लक नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये कामी येते. बॅटरी म्हणजे रात्रीपुरता भरलेला डबा, ग्रिड म्हणजे वर्षाची कणगी. ही कणगी सोडून स्वावलंबी व्हायला निघालेला माणूस पहिल्याच पावसाळ्यात शेजाऱ्याकडे वायर मागायला जातो.

काकांबरोबर बसून मी हाच हिशेब कागदावर मांडला. काकूंचं मशीन साधारण ३५० वॅट घेतं, नऊ तासांची रात्र धरली तर तीन युनिटच्या थोडं वर. पाच युनिटच्या बॅटरीवर एक रात्र निघते. कनेक्शन नसेल आणि दिवसा पॅनलनी चारच युनिट दिले, तर ते फ्रिज आणि पंप खाऊन टाकणार आणि दुसऱ्या रात्री मशीन बंद पडणार. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

आता त्यांच्याकडे तीन किलोवॅटचे पॅनल, हायब्रिड इन्व्हर्टर आणि एक बॅटरी बसतेय. नेट मीटरचा अर्ज गेलाय. बॅटरीवर फक्त काकूंच्या खोलीचं सर्किट आणि फ्रिज ठेवायचं ठरलंय, त्यासाठी इलेक्ट्रिशियनने वेगळी वायर ओढली. कॉटशेजारचा भरलेला ऑक्सिजन सिलिंडर मात्र तिथेच राहणार.