लॉक फाइल उडवू नका

मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: "प्रोजेक्ट चालत नसेल तर नोड मॉड्यूल्स आणि पॅकेज लॉक दोन्ही डिलीट मारा, एनपीएम इन्स्टॉल करा. लॉक आपोआप बनते, गिटवर टाकायची गरज नाही. वॉर्निंग आली तर ऑडिट फिक्सला फोर्स लावा."

एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार लायब्रऱ्या उतरवून बसवणारं साधन, आणि गिट म्हणजे कोड व त्यातले बदल जपून ठेवणारं. नोड मॉड्यूल्स हे बसवलेल्या लायब्रऱ्यांचं फोल्डर. ते खुशाल उडवा, परत येतं. लॉक फाइल परत बनते, पण तीच बनत नाही. पॅकेज जेसनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत, एक्सप्रेस या लायब्ररीपुढे ^४.१७.१ असेल, तर ४.१७.१ पासून ५.०.० च्या अलीकडची कुठलीही आवृत्ती चालते. नेमकी कुठली बसली, तिच्या पोटातल्या लायब्रऱ्या कुठल्या, प्रत्येकीचा हॅश (फाइल तीच आहे का हे तपासायची खूण) काय, हे फक्त लॉकमध्ये असतं. ती गेली की त्या दिवशी जे नवं असेल ते येतं. लातूरच्या लॅबमध्ये चाललेला प्रोजेक्ट नांदेडच्या मित्राच्या लॅपटॉपवर बंद पडतो तो बऱ्याचदा यामुळेच. शिवाय कॅशमध्ये (आधी उतरवलेल्या साठ्यात) नसलेल्या नव्या आवृत्त्या हॉस्टेलच्या हॉटस्पॉटवरून उतरवायच्या, तो भुर्दंड वेगळाच.

हे किती महागात पडतं? जानेवारी २०२२ मध्ये 'कलर्स' लायब्ररीच्या लेखकानेच नव्या आवृत्तीत न संपणारा लूप मुद्दाम घातला. टर्मिनलवर 'लिबर्टी लिबर्टी लिबर्टी' आणि त्याखाली निरर्थक अक्षरांचा लोंढा, थांबायचं नाव नाही. ज्यांच्या लॉकमध्ये आधीची १.४.० होती, त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. म्हणून लॉक गिटवर हवीच.

कोरं इन्स्टॉल हवं असेल तर एनपीएम सीआय चालवा. ते नोड मॉड्यूल्स स्वतःच काढतं आणि लॉकबरहुकूम बसवतं. लॉक आणि पॅकेज जेसन जुळत नसतील तर काही न बदलता एरर देऊन थांबतं.

ऑडिट फिक्स ही असुरक्षित लायब्रऱ्या दुरुस्त करणारी कमांड, पण तिला फोर्स तर अजिबात नको. तो ^ ची मर्यादा ओलांडून पुढची मेजर आवृत्तीही (४ वरून ५ सारखी) आणतो, आणि तिथे जुना कोड मोडू शकतो. आधी एनपीएम आउटडेटेड चालवून कुठल्या लायब्रऱ्या जुन्या झाल्यात ते बघा. एकेक लायब्ररी वाढवा, प्रोजेक्ट चालवून बघा, मग पॅकेज जेसन आणि लॉक दोन्ही फाइली एकत्र गिटमध्ये कमिट करा.

पोरं लॉक उडवतात ती बहुतेक मर्ज कॉन्फ्लिक्टला (दोघांचे बदल गिटमध्ये एकत्र करताना होणाऱ्या टकरीला) वैतागून, हे मी समजू शकतो. त्यालाही उपाय आहे: पॅकेज जेसनमधला कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवा आणि एनपीएम इन्स्टॉल चालवा. लॉकमधला कॉन्फ्लिक्ट एनपीएम आपणहून सोडवतं.